आमणदेवाचं देणं

माझ्या नोकरीतलं निम्मं आयुष्य वारसनोंदींत गेलं. तलाठी म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. पण सातबाऱ्यावरची नावं बदलतात ती बहुतेक वेळा माणूस गेल्यावर. वारसांनी वर्दी द्यायची, आपण नमुना सहा-क मध्ये वारस लिहायचे, फेरफार धरायचा, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की नाव लागलं. हे काम मला थोडंफार माणुसकीनं करता आलं असेल, तर त्याचं श्रेय सातशे वर्षांहून जुन्या एका राजाला आहे. देवगिरीच्या गादीवर तो जेमतेम काही महिने बसला आणि चुलतभावानं त्याचे डोळे काढले. आमणदेव त्याचं नाव. काही पुस्तकांत अम्मण असंही लिहितात. शाळेत ते मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या पुस्तकात रामदेवराव यादव होता, त्याचा हेमाडपंत होता आणि लगेच अल्लाउद्दीन खिलजी आला होता.

पहिली नेमणूक बीड जिल्ह्यात, माजलगावच्या बाजूला गोदाकाठी मिळाली. त्याच भागात पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथं मोठी जत्रा भरते. लोक गंगेत बुडी मारतात, धोंड्याचा नैवेद्य दाखवतात. बंदोबस्ताच्या कामासाठी आम्हा महसूलवाल्यांनाही जावं लागे. तिथं एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची ओळख झाली. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. गर्दी ओसरल्यावर देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, या गावाचं सगळ्यात जुनं दप्तर तुम्ही पाहिलंय का?" मी खासरा पत्रकाचं नाव घेतलं, सेतवाराचं घेतलं. आमच्याकडे निजामाच्या अमदानीतला उर्दू कागद म्हणजे सगळ्यात जुना, एवढीच माझी झेप होती. गुरुजी म्हणाले, "शके १२३२ चं आहे. तांब्यावर."

पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटाशी माझी गाठ अशी पडली. इसवी सन १३१० मध्ये रामचंद्र यादवानं, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या रामदेवरावानं, आपला मंत्री पुरुषोत्तम याला गावं दिली, त्यानं त्यांचा अग्रहार करून ब्राह्मणांना दिला आणि गावाला त्याचं नाव पडलं. वा. वि. मिराशींनी तो ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला. गुरुजींकडे त्याची हातानं उतरवून घेतलेली प्रत होती. मला संस्कृत येत नव्हतं. गुरुजी एकेक ओळ म्हणत आणि अर्थ सांगत. दान दिलेल्या गावांची नावं आली तसा मी सरसावून बसलो, कारण हे माझंच काम होतं, फक्त माझ्याआधी कुणीतरी केलेलं. पण गुरुजींना मला गावं दाखवायची नव्हती. त्या आधीच्या राजप्रशस्तीतल्या एका जागेवर बोट ठेवून ते म्हणाले, "तुम्ही ए.कु.मॅ. लिहिता ना? हे त्याचं प्रकरण आहे."

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरला भाऊ जातो, त्याचं पोर लहान असतं, म्हणून धाकट्याच्या नावापुढे ही अक्षरं लागतात. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. वीस-पंचवीस वर्षं जातात. दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन होतं आणि अशाच एखाद्या पुनर्लेखनात ती तीन अक्षरं गळून पडतात. नाव तेवढं राहतं. पुढे तो धाकटाही जातो आणि वारस म्हणून फक्त त्याच्या मुलांची नावं लागतात. थोरल्याचा मुलगा एक दिवस पीककर्जासाठी उतारा काढायला येतो आणि आपलं नाव कुठंच नाही हे त्याला चावडीत कळतं.

यादवांच्या घरात हेच झालं होतं. सिंघण हा त्या घराण्यातला सगळ्यात पराक्रमी राजा. त्याचा मुलगा जैतुगी बापाच्या आधीच वारला, म्हणून सिंघणामागून नातू कृष्ण गादीवर आला. महानुभाव पंथाच्या ग्रंथांत त्याला कान्हरदेव म्हणतात. १२६१ च्या सुमारास कृष्ण गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव राजा झाला. पुतण्याच्या वतीनं कारभार पाहणारा म्हणून तो बसला नाही, स्वतःच राजा झाला. आणि दहा वर्षं त्यानं राज्य चांगलं चालवलं. शिलाहारांचं कोकण त्यानं जिंकलं. शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत, त्यांवर कोरलेल्या गलबतांची लढाई याच स्वारीतली असल्याचं मानलं जातं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, महादेवाच्या दरबारातच श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, झाला. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड ग्रंथ त्याच दिवसांतला. महादेवाला लबाड काका ठरवणं मला कधी जमलं नाही. ज्यानं घर सांभाळलं आणि वाढवलं, त्याला शेवटी आपल्या मुलाचं नाव लावावंसं वाटलं. असे काका मी चावडीत पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले बरेच कष्टाळू आणि प्रेमळ होते.

१२७० च्या सुमारास महादेव गेला आणि त्याचा मुलगा आमणदेव राजा झाला. रामचंद्र आता हाताशी आलेला होता. थोरल्या घराचा वारस तो, हक्क त्याचा. गुरुजी ज्या जागेवर बोट ठेवून होते तिथं तो हक्क कसा वसूल झाला ते आलं आहे. देवगिरीचा किल्ला लढून घेण्यासारखा नव्हता. रामचंद्र आणि त्याचे निवडक लोक नाचगाण्याच्या मेळ्याचं सोंग घेऊन वर गेले. आमणदेव दरबारासह नाच पाहायला बसला. नाच चालू असतानाच नाचणाऱ्यांनी हत्यारं काढली आणि आमणदेवाला धरलं.

या घटनेनंतर चाळीसएक वर्षांनी, खुद्द रामचंद्राच्या दानपत्रात, ही हकिगत पराक्रम म्हणून कोरलेली आहे. आणि १३१० सालच्या त्या पत्र्यावर दुसरं काय नाही, तेही गुरुजींनी दाखवलं. १२९६ ची अल्लाउद्दीनची स्वारी त्यात नाही. १३०७ मध्ये मलिक काफूर रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला, तिथं अल्लाउद्दीननं त्याला रायरायान असा किताब देऊन परत पाठवलं, तेही नाही. राजाचे विजयच विजय आहेत. "म्हणजे खोटं आहे का हो हे?" मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "खोटं कशाला? दान खरं आहे, गावं खरी आहेत. पण हा एका पक्षाचा जबाब आहे."

तो शब्द मला त्या दिवशी पुरता कळला नाही. मी नवीन होतो, काम वेळेत निपटण्याचा अभिमान होता. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की नोंद पुढे सरकवायची. आली तर नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे तक्रारी नोंदवहीत, दोन ओळी लिहायच्या. 'सामनेवाला यांस नोंद मान्य नाही.' बस्स.

पुढे गुरुजींनी मला एका महानुभाव मठात नेलं. तिथल्या महंतबाबांना आम्ही दंडवत घातला. गुरुजींनी माझी ओळख तलाठी म्हणून करून दिली आणि बाबांनी हसून विचारलं, "मग तुम्हाला कुणाचा फेरफार पाहायचाय?" गुरुजींनी आमणदेवाचं नाव घेतलं. बाबांनी कपाटातून एक छापील प्रत काढली, तिच्याखाली लाल फडक्यात बांधलेली एक पोथीही होती. पोथीला त्यांनी हात लावू दिला, वाचता मात्र आली नाही. ती सकळ लिपीत होती. जी लिपी पंथाबाहेरच्या माणसाला शेकडो वर्षं उलगडली नव्हती आणि राजवाडे, भावे यांच्या पिढीला जिच्यासाठी डोकेफोड करावी लागली, ती मी त्या दिवशी प्रथम पाहिली. जाड, हातानं बनवलेला कागद, कडेला ओलीचा तपकिरी डाग, आणि अक्षर इतकं सारखं की ओळ कुठे थांबवून लेखक उठला असेल ते कळू नये.

नाच आणि धरपकडीच्या पुढची गोष्ट महानुभावांनी जपली आहे. आमणदेवाचे डोळे काढले. राजाच्या ताम्रपटात याबद्दल अवाक्षर नाही. पैठणला सापडलेला शके ११९३ चा ताम्रपट आहे, तो तर घटना ताजी असतानाचा. त्यात रामानं आमणाकडून राज्य बळानं घेतलं एवढं येतं. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांच्या हाती आमणाबद्दल मुख्य आधार तोच होता. बळानं घेतलं म्हणजे काय झालं, हे सांगणारे महानुभाव.

मी उत्साहात बाबांना म्हणालो, "म्हणजे खरं तुमच्याकडे आहे." बाबांनी मान हलवली. ते म्हणाले, "आमच्या पंथाचं आणि हेमाद्रीचं बरं नव्हतं. आमचं लिहिणंही तसंच तपासून घ्या." हेमाद्री महादेवाचा मंत्री, आणि १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात तोच रामचंद्राच्या कारभारात दिसतो. राजा बदलला, दप्तर त्याच हातात राहिलं. ज्यांना त्या दरबाराची झळ लागली ते पंथाचे लोक आमणदेवाबद्दल लिहितात तेव्हा त्यांच्याही मनात काही असणार. ही गोष्ट स्वतः महंतांनी माझ्यापुढे मांडली, याचं मला आजही नवल वाटतं.

मग त्यांनी म्हाइंभटांविषयी सांगितलं. 'लीळाचरित्र' लिहिताना म्हाइंभट ज्यांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन विचारत. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी मिळाल्या तर दोन्ही ठेवत, कुणी काय सांगितलं तेही नोंदवत. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा जबाब घेत घेत झाला आहे. नोकरीत आल्यावर कुणी मला जबाब कसा घ्यायचा ते शिकवलं नव्हतं. फॉर्म भरायला शिकवला होता. ते मी त्या मठात शिकलो.

त्याचा उपयोग लवकरच झाला. माझ्या सजात एक वारसाचं प्रकरण आलं. थोरला वारलेला, मुलगा लहान, धाकट्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून, आणि ती अक्षरं कधीतरी गळालेली. धाकटा गेल्यावर त्याच्या मुलाचं एकट्याचं नाव लागलं. पुतण्या मोठा झाला होता. त्यानं जुने कागद काढले, आणि कागद त्याच्या बाजूचे होते. त्यानं अर्ज केला, पण अर्जाचा निकाल लागण्याआधीच एका रात्री चार पोरं आणि ट्रॅक्टर घेऊन सगळं रान नांगरून टाकलं. विहिरीवरच्या मोटारीला स्वतःचं कुलूप लावलं. गाव त्याच्या बाजूनं बोलत होतं. हक्काचा माणूस आहे, अन्याय झालेला आहे. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ चावडीत येऊन दाराशी बसला. आत ये म्हटलं तरी येईना. एरवी मी दोन ओळी लिहून त्याची सही घेतली असती. त्या दिवशी मला आमणदेव आठवला, हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही. मी कोऱ्या कागदावर त्याचा जबाब घ्यायला बसलो आणि त्याला बोलू दिलं. विहीर त्याच्या बापानं खोदली होती. सोसायटीचं कर्ज बापाच्या नावावर होतं आणि त्याचे हप्ते अजून हा भरत होता. पुतण्याचं शिक्षण, पुतण्याच्या बहिणीचं लग्न त्याच रानातून झालं होतं. "निम्मं त्याचं हाय, मी कवा न्हाई म्हनलो?" तो म्हणाला. "पर माझ्या बापाचं नाव चोर म्हून कशाला घेतो?" हेही मी लिहिलं. वारस ठरवायला त्यातलं बहुतेक काहीच लागत नव्हतं. हक्काचा निर्णय त्यानं बदलणार नव्हता आणि बदललाही नाही. पुतण्याचं निम्म्याला नाव लागलं, ते योग्यच होतं.

पण तो जबाब दप्तरात राहिला. पुढे तहसीलदारांपुढे वाटणी झाली तेव्हा विहीर कुणाची हा प्रश्न आला आणि तो कागद निघाला. पुतण्यानं तो पहिल्यांदाच वाचला. विहिरीवर दोघांची निम्मी पाणीपाळी इतर हक्कात नोंदली गेली, कर्जही वाटून घेतलं गेलं. मी त्यात फार काही केलं असं मला वाटत नाही. हरलेल्या बाजूचं बोलणं पूर्ण लिहून ठेवावं एवढीच गोष्ट मी एका मठात ऐकून आलो होतो.

त्यानंतर मी देवगिरीबद्दल मिळेल ते वाचलं. बदली होईल तिथं दोन पेट्यांतली एक पुस्तकांची असे. मंडळ अधिकारी झाल्यावर तक्रारी नोंदींचे निर्णय मलाच द्यावे लागत, तेव्हा तर हे वाचन फारच उपयोगी पडलं. गुरुजींशी माझा एका मुद्द्यावर शेवटपर्यंत मतभेद राहिला. त्यांना वाटे की आमणदेवाचे डोळे गेले तिथंच देवगिरीचं भवितव्य ठरलं. घर फुटलं म्हणून खिलजी आला. मला हे पटत नाही. रामचंद्रानं पुढे चाळीस वर्षं राज्य केलं. त्याच काळात म्हाइंभट लिहीत होते, ज्ञानेश्वरी १२९० मध्ये झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी या राजाचं नाव आदरानं घेतलं आहे. नरेंद्र कवीचं 'रुक्मिणीस्वयंवर' या राजाला इतकं आवडलं की ते आपल्या नावावर करावं म्हणून त्यानं सोनं देऊ केलं आणि कवीनं नाकारलं, अशी महानुभावांची आठवण आहे. अल्लाउद्दीन आला तेव्हा यादवांचं सैन्य राजपुत्राबरोबर दूर गेलेलं होतं, किल्ल्यात पुरेसं धान्य नव्हतं. धान्य म्हणून वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं तीनशे वर्षांनी लिहिणारा फरिश्ता सांगतो. या गाफीलपणाला आमणदेवाचा शाप म्हणता येत नाही.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या घरात वारसाचा प्रश्न सोंग घेऊन आणि डोळे काढून सुटतो, तिथं आप्तांपैकी कोण कोणावर विसंबून राहील? रामचंद्रानंतर मुलगा शंकरदेव दिल्लीशी लढून मारला गेला, जावई हरपालदेवानं बंड केलं आणि १३१८ मध्ये मुबारकशहा खिलजीनं त्याला हाल करून मारलं. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. घराण्यात उभं राहायला मागं कुणी उरलं नव्हतं. इतकंच मी म्हणेन. याहून पुढे जायला माझ्याजवळ आधार नाही.

त्याच धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली. महानुभाव त्या धामधुमीला 'खालशाची धाड' म्हणतात. परंपरा सांगते की पुढे हिराइसा आणि इतरांनी पाठांतरातून ते चरित्र पुन्हा उभं केलं. खिलजीच्या धाडीनं देवगिरीचं वैभव नेलं, आणि ज्या लोकांनी त्या राज्यात सुख पाहिलं नाही त्यांनी त्या काळाच्या आठवणी तोंडपाठ ठेवून वाचवल्या. आमणदेवाची हकिगत माझ्यापर्यंत आली ती अशा जपणुकीतून. मी ज्या राजाचं नाव कृतज्ञतेनं घेतो, त्याचं नाव सांभाळणाऱ्या त्या बायाबापड्यांना मी कधी पाहिलं नाही, आणि त्यांचं देणं कसं फेडायचं तेही मला कळत नाही.

गुरुजी गेले. त्यांच्या मुलीनं ताम्रपटाची ती हाती उतरवलेली प्रत माझ्या स्वाधीन केली. महंतबाबांनाही जाऊन बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो तेव्हा सातबारा संगणकावर आला होता. आता तलाठ्याचं पदनामही बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. नव्या पोरांचे अधूनमधून फोन येतात. वारसाच्या प्रकरणात हरकत आली की काय करायचं, असं विचारतात. मी त्यांना हरकतदाराला खुर्ची द्यायला सांगतो, त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगतो, आणि वेळ असेल तर आमणदेवाची गोष्ट सांगतो.

त्यांतले काही जण आता रविवारी माझ्याकडे येतात. दोघी मुली आहेत, एक मुलगा कोतवालाचा आहे. पैठणचा ताम्रपट आमचा वाचून झाला. येत्या रविवारी ठाण्याचा घेणार आहोत. हेमाद्रीचं नाव कुठल्या ओळीत येतं ते त्यांतल्या एकीला स्वतः शोधायचं आहे.